चुन्याची पुडी लेकरांच्या हाती लागू देऊ नका

ताई, अंगणवाडीवर नव्या आहात, म्हणून डोळ्यांच्या इजेबद्दल आधीच सांगून ठेवते. दिवाळीचे फटाके, विटी, धनुष्यबाण यांचा धोका पालकांना ठाऊक असतो. मला जास्त धास्ती वाटते ती तंबाखूसोबतच्या चुन्याच्या पुडीची. लेकरू ती दाबतं, पुडी फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. चुना अल्कली, म्हणजे तीव्र क्षार, असल्यामुळे बुबुळात खोल शिरत जातो. कण वरच्या पापणीखाली अडकले तर आग चालूच राहते. म्हणून गाडी शोधण्याआधी पाणी. पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याची धार, निदान अर्धा तास. मूल रडेल, आजी रागावेल, तरी थांबू नका. मध, तूप, आईचं दूध, काहीही घालू देऊ नका. मग लगेच नेत्रतज्ज्ञाकडे.

टोकदार काही घुसलं तर मात्र धुवायचं नाही, दाबायचं नाही, रुतलेलं ओढायचं नाही. कागदी कप डोळ्यावर अलगद पालथा ठेवून चिकटपट्टी लावा. शस्त्रक्रियेसाठी भूल द्यावी लागू शकते, म्हणून खायला-प्यायला देऊ नका.

ओरडा बसेल म्हणून मुलं लागलेलं लपवतात. अधूनमधून एकेक डोळा झाकून चित्र ओळखायला लावा. एका डोळ्याने कमी दिसत असेल तर चांगला डोळा झाकला की मूल चिडतं, हात झटकतं. असं दिसलं तर त्याच आठवड्यात तपासणीला पाठवा. या वयात नजर अजून घडत असते, उशीर झाला तर तो डोळा आळशी होतो, म्हणजे त्याची नजर कमजोरच राहते.