आधी डिफेंडर चालू आहे का ते बघ

अरे, पीसीला अँटीव्हायरस हवा म्हणून लगेच पुण्यातल्या तापकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन सीडी घेऊ नकोस, विंडोज ११ मध्ये डिफेंडर हा मायक्रोसॉफ्टचा अँटीव्हायरस फुकट येतोच आणि घरच्या वापराला तो पुरतो, फक्त अपडेट बंद ठेवू नको. दुसरा अँटीव्हायरस टाकलास की डिफेंडर आपोआप बाजूला होतो, आणि दोन-दोन पेड टाकलेस तर पीसी नुसता रडत बसतो. क्विक हील हे अँटीव्हायरस आपल्या पुण्याचंच, पण पेड घ्यायचंच तर मुलांसाठी पॅरेंटल कंट्रोल वगैरे खरंच लागत असेल तरच घे. माझा पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानातून परत आला तर सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झालेले, डिफेंडरने स्कॅनमध्ये तो व्हायरस पकडला, खऱ्या फाइल्स आत हिडन होत्या. आणि क्रॅक सॉफ्टवेअर, म्हणजे लायसन्स तोडून फुकट केलेलं, टाकू नको रे, प्लीज. फोटोंचा बॅकअप वेगळ्या हार्डडिस्कवर घे, झाला की वायर काढून ठेव.