पिवळा पडलेला कंट्रोल

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल रात्री दोनदा वाचलं. एलायझाच्या (रंगावरून मात्रा मोजणाऱ्या चाचणीच्या) प्लेटवर स्टॉप सोल्यूशन घातलं, निळ्याचं पिवळं झालं आणि उकळलेल्या प्रथिनाच्या तीन वेल्सही (प्लेटमधले खळगे), ज्या कंट्रोल म्हणून पिवळ्या पडायलाच नको होत्या, इतरांइतक्याच पिवळ्या पडल्या. बाकी ग्राफ छान आलाय, तर त्या तीन वेल्स लॅब मीटिंगमध्ये दाखवल्या नाहीत तर चालेल का, असं तू विचारलंस. नाही चालणार. मी तुझ्या जागी असते तर मीटिंगची सुरुवातच त्यांच्यापासून केली असती.

हे इतक्या ठामपणे लिहिते, कारण माझे स्वतःचे आठ महिने यात गेलेत. ई. कोलाय या जीवाणूत बनवलेलं एक प्रथिन होतं. मॅक्रोफेजवर, म्हणजे जंतू गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींवर, टाकलं की टीएनएफ हा दाहाचा संदेश देणारा रेणू भरभरून यायचा. उकळून टाकलं तरी यायचा. "प्रथिन उष्णतेला टिकतं," असं मी प्रयोगवहीत लिहून मोकळी झाले. खरं कारण साधं होतं. उकळल्यावर बहुतेक प्रथिनं मोडतात, पण ई. कोलायच्या बाह्य पटलातलं लिपोपॉलीसॅकराइड, म्हणजे एंडोटॉक्सिन, 100 अंशांना दाद देत नाही. ऑटोक्लेव्हच्या 121 अंशांनाही ते पुरतं जात नाही. काचेची भांडी कोरड्या उष्णतेत 250 अंशांवर अर्धा तास ठेवावी लागतात. आणि मॅक्रोफेज मिलिलीटरमागे एका नॅनोग्रॅमहून कमी एंडोटॉक्सिनलाही जागे होतात. तुझ्या जेलवर एकच स्वच्छ पट्टा आहे, हे मला मान्य आहे. पण कूमासी हा रंग प्रथिनाला रंगवतो, एंडोटॉक्सिनला नाही.

यात तू एकटा नाहीस. 2000 च्या आसपास हीट शॉक प्रथिनं टीएलआर-4 या पेशींवरच्या रिसेप्टरमार्फत रोगप्रतिकारक पेशींना चेतवतात, असे बरेच निबंध आले. पुढे अधिक शुद्ध प्रथिन वापरल्यावर त्यातला बराचसा परिणाम एंडोटॉक्सिनचा निघाला. ती माणसं निष्काळजी नव्हती. निकाल हवा तसा आला की आपण तपासणं थांबवतो, एवढंच.

आता काम. प्रथिन प्रोटीनेज के (प्रथिनं तोडणारं विकर) घालून पचव आणि पुन्हा पेशींवर टाक. परिणाम तसाच राहिला तर तो प्रथिनाचा नाही. दुसऱ्या वेल्समध्ये पॉलीमिक्सिन बी घाल. ते एंडोटॉक्सिनला बांधून ठेवतं, पण मात्रा जास्त असेल तर पुरं पडत नाही, म्हणून त्या एकाच निकालावर विसंबू नकोस. शेजारी निव्वळ एंडोटॉक्सिनच्या वेल्स ठेव, म्हणजे पॉलीमिक्सिन काम करतंय का तेही कळेल. एलएएल या एंडोटॉक्सिनच्या चाचणीने प्रत्यक्ष मात्रा मोज. ट्रायटन एक्स-114 या डिटर्जंटने प्रथिन धुऊन, म्हणजे एंडोटॉक्सिन काढून, तोच प्रयोग पुन्हा कर. क्वचित एखादं प्रथिन उकळूनही खरंच टिकतं, पण ते दाखवून द्यायची जबाबदारी तुझी.

टीएलआर-4 नसलेल्या पेशी वापरायचा तुझा विचार चांगला आहे. फक्त तिथे प्रतिसाद गेला तर "माझं प्रथिन टीएलआर-4 ला चिकटतं" असं लगेच लिहू नकोस. एंडोटॉक्सिनचा रस्ताही तोच आहे. हा रस्ता सापडला तोच मुळी प्रतिसाद न देणाऱ्या उंदरांमुळे. सी3एच/एचईजे जातीचे उंदीर एंडोटॉक्सिनला जुमानत नाहीत, आणि त्यांच्या टीएलआर-4 च्या जनुकातच दोष आहे, हे ब्रूस ब्यूटलर यांच्या गटाने 1998 मध्ये दाखवलं. 2011 च्या नोबेलमागे ते काम होतं. काहीच न घडणारी वेल मला आजही सगळ्यात आधी पाहावीशी वाटते.

जाता जाता, पेशींची मायकोप्लाझ्मा (पेशींसोबत लपून वाढणारा जीवाणू) चाचणी शेवटची कधी केलीस? ते 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून निसटतं, पेशीभित्तिका नसल्याने पेनिसिलिनला जुमानत नाही आणि माध्यम गढूळही होत नाही. पेशी छान दिसतात, हा पुरावा नव्हे. पीसीआर कर.

गाईडशी मीटिंगआधीच बोल. प्लेटचा फोटो आणि सगळ्या वेल्सचे कच्चे आकडे घेऊन जा, सरासरी नको. ते कदाचित चिडतील. निबंधाचा मसुदा तयार असताना हे ऐकणं कोणालाही जड जातं. तरी सांग. तीन महिन्यांनी परीक्षकाने विचारण्यापेक्षा आज तू सांगणं त्यांनाही सोपं पडेल.

आणि उरलेलं प्रथिन फेकू नकोस. बॅचचा क्रमांक आणि तारीख लिहून छोट्या भागांत उणे 80 ला ठेव, एलएएलला तीच बॅच लागेल. प्रोटीनेज केच्या प्लेटचे आकडे आले की मला पाठव, कसेही असोत.

तुझी,
ताई