लटपटणारी खोकडं आणि फॉर्मलिनची बाटली

माळावर दोन खोकडं लटपटतायत, तिसरं मेलेलं सापडलं, वस्तीवरच्या कुत्र्याच्या पिल्लांचे डोळे चिपडांनी चिकटलेत आणि गावात सगळे ‘विष घातलं’ म्हणतायत, असं तुम्ही लिहिलंय. वाचून पोटात गोळा आला. हे प्रकरण ओळखीचं आहे. विष नसेलच असं नाही, पण पिल्लंही आजारी आहेत म्हटल्यावर माझा पहिला संशय डिस्टेंपरवर, म्हणजे कुत्र्या-खोकडांना होणाऱ्या जीवघेण्या विषाणूजन्य रोगावर. वर्णनावरून निदान होत नसतं, हे आधीच सांगतो. रेबीजही असाच दिसतो, तेव्हा हात लावू नका आणि वनविभागाला १९२६ वर कळवा. बाकी प्राथमिक गोष्टी तुम्हाला ठाऊक असतीलच.

मेलेल्या जनावराचे नमुने तपासणीला पाठवताना सगळ्यात महागात पडते ती फॉर्मलिनची, म्हणजे ऊती टिकवायच्या द्रावणाची बाटली. आम्हाला एका कार्यालयातून सांगितलं गेलं, ‘सगळं फॉर्मलिनमध्ये घाला, वास येत नाही.’ काही आठवड्यांनी कागद आला: नमुना तपासणीस अयोग्य. तो अयोग्य कोणामुळे झाला, ते अर्थातच त्यात नव्हतं.

कारण साधं आहे. डिस्टेंपरच्या विषाणूचं जनुकीय द्रव्य आरएनए, आणि फॉर्मलिनमध्ये आरएनएचे तुकडे पडतात. ऊतींची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी होते, पण आरटी-पीसीआर, म्हणजे विषाणूचा आरएनए शोधणारी चाचणी, जवळपास हातची जाते. रेबीजची नेहमीची तपासणीही अडते. म्हणून शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना सुरी लावण्याआधीच सांगा: दोन संच हवेत. फुप्फुस, प्लीहा, लसिकाग्रंथी, मूत्राशय, मेंदू यांचे ताजे तुकडे वेगवेगळ्या डब्यांत, बर्फाच्या पेटीत ४ अंशांच्या आसपास, २४ ते ४८ तासांत प्रयोगशाळेत. उशीर होणार असेल तर उणे ७०-८० अंश तापमान लागतं. घरच्या फ्रीजरच्या भरवशावर राहू नका. दुसऱ्या संचाचे अर्धा सेंटिमीटर जाडीचे काप १० टक्के फॉर्मलिनमध्ये, आणि द्रव तुकड्यांच्या दहापट. मेंदू दोन्हीकडे निम्मा-निम्मा.

रोगाचं नाव कळल्याशिवाय उपाय नाही. गीरमध्ये २०१८ साली दलखाणिया भागात काही आठवड्यांत २३ सिंह गेले. पुण्याच्या एनआयव्हीत (राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत) डिस्टेंपरचा विषाणू सापडला म्हणून परदेशातून लस मागवता आली. आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत १९९४ला साधारण एक तृतीयांश सिंह याच रोगाने मेले.

कुत्र्यांना लस जरूर द्या: पिल्लांना सहा-आठ आठवड्यांपासून, दर तीन-चार आठवड्यांनी, १६ आठवड्यांची होईपर्यंत. लस २ ते ८ अंशांत ठेवा, मिसळली की लगेच टोचा. पण एवढ्याने माळ सुरक्षित झाला असं समजू नका. सेरेंगेटीभोवती कुत्र्यांना टोचूनही विषाणू सिंहांत फिरत राहिला. आणि कुत्र्याची जिवंत लस खोकडाला टोचायचा उत्साह कोणी दाखवला तर थांबवा. अमेरिकेत काळ्या पायांच्या फेरेटला (मुंगसासारखा दिसणारा छोटा वन्यप्राणी) अशाच लसीने डिस्टेंपर झाला होता.

जाता जाता: स्वॅब लाकडी काडीचा, कापसाचा नको, प्लॅस्टिकच्या काडीचा, पॉलिएस्टरचा घ्या. चिठ्ठी पेन्सिलनेच लिहा, बर्फाच्या ओलीत शाई पसरते.