परसातली शेड आणि सरकतं छप्पर

प्रश्न : घरामागे चिऱ्यांची शेड आहे, आतून 8 बाय 8 फूट, वर मंगळुरी कौलं. 8 इंची न्यूटोनियन (आरशाची) दुर्बीण विषुववृत्तीय माउंटसह (अक्ष ध्रुवाकडे रोखून ताऱ्यांमागे फिरणारी बैठक) तिथेच कायम ठेवायची आहे. दुर्बिणीचा खांब सध्याच्या कोब्यावर बोल्टने बसवला तर चालेल का? छप्पर कोणत्या दिशेला सरकवावं?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : कोब्यावर नको. तुम्ही पाय हलवलात की डोळ्यासमोरचा तारा नाचेल. मधोमध दोन फूट चौकोनी कोबा फोडा आणि तीन फूट खणा. पक्का जांभा आधीच लागला तर दोन फूटही पुरतील. त्यात 1:1.5:3 (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट, वर 8 इंची पीव्हीसी पाइपात 12 मिमीच्या चार सळ्या घालून खांब ओता. खांब आणि कोबा यांत इंचभर फट हवी. फिनिशिंग म्हणून गवंडी ती हमखास सिमेंटने बुजवतो, तेव्हा त्या दिवशी समोर उभे राहा.

छपराचे परदेशी आराखडे बिनदिक्कत उत्तर दिशा दाखवतात, कारण तिथे ध्रुवतारा 40-50 अंशांवर असतो. आपल्याकडे तो जेमतेम साडेपंधरा अंशांवर. उत्तरेला सरकवलेलं छप्परच त्याला झाकेल आणि ध्रुवीय जुळणी (माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखणं) अडेल. दक्षिण तर मोकळीच ठेवा: ओमेगा सेंटॉरी तारकागुच्छ 27 अंशांपर्यंत चढतो. राहिल्या पूर्व-पश्चिम, घराने आकाश आधीच अडवलंय ती बाजू घ्या. मात्र माडाखाली नको, नारळ पत्रा फोडतो.

उत्तरेची भिंत माउंटपासून चार फुटांवर येईल. ती ध्रुवदर्शकाच्या (ध्रुवतारा पाहायची माउंटमधली छोटी दुर्बीण) उंचीहून फुटापेक्षा जास्त वर नसावी. माउंट घेण्याआधी अक्षांशाची किमान मर्यादा (अक्ष किती खाली झुकतो ते) तपासा, काही 20 अंशांखाली उतरतच नाहीत. उतरले तरी इतक्या आडव्या अक्षावर दुर्बिणीचा तोल साधणारं प्रतिवजन खांबाला आपटू शकतं; म्हणून खांबाचं टोक अरुंद ठेवा.

कौलं उतरवा, सरकत्या सांगाड्याला ती जड. गॅल्वनाइज्ड पाइपांवर पत्रे, खाली खाचेची चाकं, अँगलचे रूळ. हलकं छप्पर वाऱ्याने उचललं जातं, तेव्हा चारही कोपरे टर्नबकलने (फिरवून ताण देणारा आकडा) आवळा.

जून ते सप्टेंबर दुर्बीण शेडमध्ये ठेवूच नका. नेत्रिका (डोळा लावायची भिंगं) हवाबंद डब्यात सिलिका जेलसह घरात ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की भाजून घ्या. प्लॅस्टिकमध्ये गच्च गुंडाळलं तर ओल आतच कोंडते आणि बुरशी काचेवरचा लेप खाते.