'सहयोगी नाविन्यता अनुदान' म्हणावे का?

प्रश्न असा आहे: शासनाच्या ऑनलाइन सेवा सुधारण्यासाठी एखादा विभाग, महापालिका आणि स्टार्टअप मिळून नवा प्रयोग करतात, त्यासाठी सरकार पैसे देते. अशा योजनेच्या मराठी माहितीपत्रकात 'सहयोगी नाविन्यता अनुदान' असे लिहिले तर चालेल का? आणि अनुदान, निधी, तरतूद हे शब्द एकमेकांच्या जागी वापरता येतात का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी, कारण खरी अडचण तिथे आहे. नाही, येत नाहीत. पैसे कोणाला, कशाच्या बदल्यात आणि परत करायचे की नाही, यावरून शब्द ठरतो.

तरतूद कागदावर असते. अर्थसंकल्पात एखाद्या लेखाशीर्षाखाली (खर्चाच्या ठरावीक खात्याखाली) रक्कम दाखवली की तरतूद झाली, पण तिजोरीतला रुपयाही हललेला नसतो. पुढे प्रशासकीय मान्यता, निधी वितरणाचा शासन निर्णय, आहरण व संवितरण अधिकाऱ्याने (कार्यालयाचे पैसे काढून वाटणाऱ्याने) कोषागारात देयक म्हणजे बिल सादर करणे, एवढे पार पडल्यावर पैसे हातात येतात. म्हणून 'प्रकल्पासाठी पाच कोटींची तरतूद' या ओळीचा मथळा 'प्रकल्पाला पाच कोटी मिळाले' असा करू नये. निधी म्हणजे ठरावीक कामासाठी वेगळी काढलेली रक्कम. मुख्यमंत्री सहायता निधी हे ओळखीचे उदाहरण. कार्यालयात 'निधी आला का?' असे विचारतात तेव्हा निधीचा अर्थ नुसता पैसे एवढाच असतो, आणि बोलण्यात ते ठीकच आहे.

अनुदान परत करायचे नसते आणि ते कशाचा मोबदलाही नसते. पण ते फुकटही नसते. ठरलेल्या कामावरच खर्च करायचे आणि तसे केल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचे, ही त्याची अट. केंद्राच्या 2017च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत अनुदान घेणाऱ्या संस्थांसाठी या प्रमाणपत्राचा नमुना 12-अ आहे. आर्थिक वर्ष संपल्यापासून 12 महिन्यांच्या आत प्रमाणपत्र द्यावे लागते. ते थकले की पुढचे अनुदान अडते. मराठीत आणखी एक गुंता आहे. ठिबक संचावर किंवा गॅसच्या टाकीवर मिळणाऱ्या सवलतीलाही आपण अनुदानच म्हणतो, त्यामुळे 'अनुदान योजना' वाचली की अर्ज केला आणि पैसे खात्यात जमा झाले, असे चित्र वाचणाऱ्यासमोर उभे राहते. टप्प्याटप्प्याने तपासणी होणाऱ्या प्रयोगाला हे चित्र मारक ठरते.

आता महाराष्ट्रातलेच उदाहरण बघा. महाराष्ट्र स्टार्टअप सप्ताह 2018पासून सुरू झाला. सुरुवातीच्या वर्षांत त्यात निवडलेल्या 24 स्टार्टअपना शासकीय विभागांसोबत प्रायोगिक तत्त्वावर काम करण्यासाठी 15 लाख रुपयांपर्यंतचे कार्यादेश देण्याची पद्धत होती. बातम्यांत याला '15 लाखांचे अनुदान' किंवा 'बक्षीस' म्हटले जाई. दोन्ही चूक. कार्यादेश म्हणजे काम करून दाखवायचे, बिल लावायचे, विभागाने काम तपासून पैसे द्यायचे. तो सेवेचा मोबदला असल्याने बिलात जीएसटीचा हिशेब येतो. आधी खर्च, मग पैसे. 'अनुदान' वाचून आलेला तरुण उद्योजक हाती रक्कम येईल म्हणून थांबतो आणि मधल्या महिन्यांचे पगार कुठून द्यायचे, इथे अडकतो.

नावात निधी आणि व्यवहारात कंत्राट, हा प्रकार ब्रिटनमध्येही आढळतो. 2017मध्ये जाहीर झालेला 'गव्हटेक कॅटलिस्ट' 2 कोटी पौंडांचा होता. सरकारी संस्थेने आपली अडचण मांडायची आणि कंपन्यांनी त्यावर उपाय शोधायचा. पहिल्या टप्प्यात कंपनीला 50,000 पौंडांपर्यंत रक्कम मिळे, ती संशोधन-विकासाच्या कंत्राटाखाली. याचे मराठीत वर्णन करताना 'निधीतून दिलेले कंत्राट' म्हणावे, 'अनुदान' नव्हे. तिथलाच 2018चा लोकल डिजिटल फंड (75 लाख पौंड) मात्र खरोखर अनुदानाचा: स्थानिक परिषदांनी (तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थांनी) एकत्र येऊन सामाईक अडचणीवर काम करायचे आणि जे हाती लागेल ते सर्वांसाठी खुले करायचे.

अमेरिकेतल्या टेक्नॉलॉजी मॉडर्नायझेशन फंडाची गोष्ट आणखी निराळी. 2017च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या या निधीची मूळ रचना अशी: एका केंद्रीय खात्याला पैसे द्यायचे, खात्याने जुनी संगणक यंत्रणा बदलायची आणि पाच वर्षांत रक्कम फेडायची. (2021मध्ये त्यात 1 अब्ज डॉलर आले तेव्हा परतफेडीची अट बरीच सैल केली गेली.) याला आपल्याकडे अचूक शब्द तयार आहे: फिरता निधी. बचत गटातल्या कोणत्याही बाईला तो माहीत असतो. तो सोडून 'आवर्ती कोष' वगैरे घडवायची गरज नाही.

एकाच योजनेत दोन शब्द लागतात, असेही होते. केंद्राच्या 2021च्या स्टार्टअप इंडिया बीज निधी योजनेत कल्पना पडताळून नमुना तयार करण्यासाठी 20 लाखांपर्यंत अनुदान ठेवले होते. बाजारात उतरण्यासाठी 50 लाखांपर्यंत रक्कम होती, पण ती कर्ज किंवा परिवर्तनीय कर्जरोख्यांच्या (पुढे समभागांत बदलता येणाऱ्या कर्जाच्या) रूपाने. पत्रकात सगळे मिळून '70 लाखांचे अनुदान' छापले तर ती सरळ दिशाभूल होईल.

'हप्ता' आणि 'टप्पा' यांतही गल्लत नको. हप्ता तारखेला येतो, टप्पा काम झाल्यावर पूर्ण होतो. 'दुसरा हप्ता तीन महिन्यांनी' आणि 'दुसऱ्या टप्प्याची रक्कम चाचणी अहवाल मान्य झाल्यावर' ही दोन वेगळी वचने आहेत. नुसते 'रक्कम टप्प्याटप्प्याने देण्यात येईल' असे लिहिले की भांडणाला जागा मिळते, कारण टप्पा पूर्ण झाला हे कोणी ठरवायचे तेच लिहिलेले नसते. त्यात मार्चअखेर असतेच. जानेवारीत सुरू केलेला तीन महिन्यांचा प्रयोग थोडा लांबला की अखर्चित रक्कम समर्पित करावी लागते, नाहीतर ती व्यपगत होते. हे दोन्ही शब्द बोजड आहेत हे मान्य, पण अर्ज करणाऱ्याला त्यांचा अर्थ एका ओळीत सांगावा: समर्पित म्हणजे विभागाने मुदतीत परत केलेली, व्यपगत म्हणजे वर्ष संपल्यामुळे हातची गेलेली.

आता 'सहयोगी'. सहयोगी प्राध्यापक म्हणतो तेव्हा तो शब्द पदाची पायरी दाखवतो, त्यामुळे 'सहयोगी अनुदान' म्हणजे मुख्य अनुदानाला जोडलेले दुसरे, असा समज होतो. 'सहकारी' घ्यावा तर साखर कारखाना आणि पतसंस्था आठवतात. 'भागीदारी' म्हटले की खासगी पक्षही भांडवल घालणार असे वाटते. विशेषणाचा हट्ट सोडून क्रियापद घेतले की वाक्य सुटते: 'विभाग, स्थानिक संस्था आणि स्टार्टअप यांनी मिळून करायचे प्रयोग'.

राहिली 'नाविन्यता'. नवीनपासून भाववाचक नाम झाले नावीन्य, त्यातला 'वी' दीर्घ. त्याला पुन्हा 'ता' लावणे म्हणजे 'सौंदर्यता' म्हणण्यासारखे. महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटी हे संस्थेचे नाव आहे, ते आहे तसेच लिहावे. स्वतःच्या वाक्यात नावीन्य किंवा नवोन्मेष वापरावा. तसेच साहाय्य हे नाम आणि सहायक हे विशेषण, म्हणून 'अर्थसाहाय्य' पण 'सहायक अनुदान'. 'सहाय्यक' हे रूप दोन्हींच्या मिश्रणातून आलेले आहे.

पत्रकासाठी, ती रक्कम खरेच अनुदान असेल तर, ही ओळ सुचवावीशी वाटते: 'डिजिटल शासकीय सेवांत मिळून करायच्या नव्या प्रयोगांसाठी अनुदान'. लगेच खाली लिहावे: 'अनुदान तीन टप्प्यांत मिळेल; प्रत्येक टप्प्याचा अहवाल संबंधित विभागाने मान्य केल्यावर पुढील रक्कम दिली जाईल.' कामाच्या मोबदल्याचा व्यवहार असेल तर पहिल्या ओळीत 'अनुदान'ऐवजी 'कार्यादेश' घालावा आणि खालची ओळ 'काम तपासून बिल मंजूर झाल्यावर पैसे दिले जातील' अशी करावी.