उत्तर: भारतातली एम.एस्सी., अमेरिकेतलं आरडी आणि व्हेरिफिकेशन स्टेटमेंट

तुमची पोस्ट वाचली आणि राहवेना. भारतात डायटेटिक्समध्ये एम.एस्सी. झालंय, रुग्णालयात सहा महिन्यांची इंटर्नशिप झालीय, आता अमेरिकेत आहात. एका विद्यापीठात एम.एस. इन न्यूट्रिशनला प्रवेश मिळालाय, फी भरायची मुदत तोंडावर आलीय आणि 'हे केलं की आरडीची (रजिस्टर्ड डायटिशियन, म्हणजे नोंदणीकृत आहारतज्ज्ञ) परीक्षा देता येईल ना?' असं तुम्ही विचारलंय.

आधी थेट उत्तर. त्या अभ्यासक्रमाला एसेंडची (डायटेटिक्सच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी इथली संस्था) मान्यता नसेल तर नुसत्या त्या पदवीवर परीक्षेला बसता येणार नाही. तुमच्या पोस्टमध्ये मान्यतेबद्दल एक अक्षरही नाही, म्हणून कळकळीने सांगते, फी अजून भरू नका.

सगळ्यांचा घोळ एकाच नियमावरून होतो. १ जानेवारी २०२४ पासून परीक्षेच्या पात्रतेसाठी पदव्युत्तर पदवी लागते, हे खरं आहे. पण त्या पदवीच्या जोडीने एसेंडमान्य अभ्यासक्रमाची विषयपूर्ती आणि देखरेखीखालचं प्रत्यक्ष काम, म्हणजे किमान १००० तास, हेही लागतं. ते पूर्ण झाल्याचा कागद म्हणजे व्हेरिफिकेशन स्टेटमेंट. त्यावर कार्यक्रमाच्या संचालकाची सही असते, आणि तो पोहोचल्याशिवाय परीक्षा घेणारी संस्था, कमिशन ऑन डायटेटिक रजिस्ट्रेशन, तुम्हाला परीक्षेची परवानगी देत नाही. एम.एस.च्या दोन पदव्या गळ्यात घातल्या तरी या कागदाची जागा त्या घेत नाहीत.

मीही याच वाटेने गेले होते. मला सर्वांत महागात पडलं ते एका विद्यापीठाचं परदेशी विद्यार्थ्यांसाठीचं कार्यालय. नाव लिहीत नाही, आणि आता तिथे दुसरी माणसं असतीलही. मी ईमेलमध्ये स्वच्छ विचारलं होतं की या एम.एस.नंतर मी आरडीच्या परीक्षेला पात्र होईन का. उत्तर आलं, 'आमचे अनेक विद्यार्थी पुढे डायटिशियन झाले आहेत.' वाक्य खोटं नव्हतं. झाले होते ते असे विद्यार्थी, ज्यांच्याकडे बी.एस.पासूनच डीपीडीचं (डायटेटिक्सच्या विषयांपुरता एसेंडमान्य अभ्यासक्रम) स्टेटमेंट होतं. त्यांना फक्त पदव्युत्तर पदवी हवी होती. माझ्याकडे नेमकं तेच नव्हतं, आणि माझा अर्ज, माझ्या परदेशी गुणपत्रिका समोर असताना हे त्या कार्यालयाला दिसायला हवं होतं. विचारलेल्या प्रश्नाचं 'हो' किंवा 'नाही' न देता शेजारचं काहीतरी सांगायचं, याला मी निष्काळजीपणाच म्हणते. एक सत्र झाल्यावर इंटर्नशिपचा केंद्रीय अर्ज, डायकस, भरायला बसले, तर त्यात व्हेरिफिकेशन स्टेटमेंट किंवा ते मिळणार असल्याचा सहीचा फॉर्म मागितलेला. सही कोणाची घ्यायची म्हणून एका प्राध्यापिकेकडे गेले. त्यांनी फॉर्म उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, 'आपल्या विभागात डीपीडी नाहीच. यावर सही करू शकेल असं इथे कोणी नाही.' मग या टेबलावरून त्या टेबलावर. प्रवेश विभाग म्हणे शैक्षणिक विभागाला विचारा, शैक्षणिक विभाग म्हणे मूळ उत्तर कोणी दिलं त्यांनाच विचारा. फी परत मिळाली नाही. तिथले क्रेडिट्सही दुसरीकडे बहुतेक चालले नाहीत, कारण मान्यताप्राप्त कार्यक्रमाला विषयांच्या नावांपेक्षा त्यातून कोणती कौशल्यं तपासली गेली हे बघायचं असतं. आजही आठवलं की जीव तडफडतो.

त्यामुळे प्रवेश विभागाशी बोलण्यात वेळ घालवू नका. एसेंडच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त कार्यक्रमांची यादी आहे. तुमचं विद्यापीठ त्यात असून भागत नाही, तुमचा नेमका कार्यक्रम त्यात हवा. एकाच विभागात मान्यता असलेला आणि नसलेला असे दोन्ही अभ्यासक्रम असतात. यादीत संचालकांचा पत्ता असतो, त्यांना लिहा. 'हा कार्यक्रम पूर्ण केल्यावर तुम्ही मला व्हेरिफिकेशन स्टेटमेंट द्याल का, आणि ते कुठल्या प्रकारचं असेल?' एवढंच विचारा. प्रकार महत्त्वाचा, कारण डीपीडीचं स्टेटमेंट इंटर्नशिपला अर्ज करण्यापुरतं असतं. परीक्षेसाठीचं स्टेटमेंट १००० तासांसकट सगळं झाल्यावर मिळतं. उत्तर लेखी घ्या. फोनवर कोणी कितीही गोड बोललं तरी लेखी घ्या.

आता माझं मत, पटलं तर घ्या. तुम्हाला दुसरी एम.एस. कदाचित लागणारच नाही. परदेशी पदवीचं मूल्यांकन करणाऱ्या मान्य संस्थेने तुमची एम.एस्सी. इथल्या पदव्युत्तर पदवीच्या बरोबरीची ठरवली, तर पदवीची अट तिथेच पूर्ण होऊ शकते. उरतात ते कमी पडलेले विषय आणि तास. मूल्यांकन मात्र विषयवार करून घ्या. नुसतं 'पदवी समकक्ष' असं लिहिलेला स्वस्तातला अहवाल डीपीडी संचालकांच्या उपयोगाचा नसतो. तो विषयवार अहवाल दोन-तीन संचालकांना दाखवा, कारण प्रत्येक जण वेगळे विषय कमी काढतो. चार-पाच विषयांवर भागत असेल तर डीपीडी आणि मग इंटर्नशिप. यादी लांबलचक आली तर अभ्यास आणि तास एकाच छताखाली देणारा कोऑर्डिनेटेड किंवा ग्रॅज्युएट प्रोग्राम घ्या. दूरस्थ इंटर्नशिपचा मोह नव्याने आलेल्या माणसाने टाळावा असं मला वाटतं. तिथे प्रिसेप्टर, म्हणजे कामावर देखरेख करणारे मार्गदर्शक, आपले आपण शोधायचे असतात, आणि ओळख नसताना रुग्णालयांचे दरवाजे ठोठावणं फार जड जातं. ज्यांना जमलं त्यांचं कौतुक आहे.

तुमच्या सहा महिन्यांच्या इंटर्नशिपचे तास आपोआप धरले जात नाहीत. काही कार्यक्रम आधीच्या अनुभवाचं मूल्यमापन करून थोडी सूट देतात. त्यासाठी कुठल्या विभागात काय केलं याची तारीखवार नोंद लागते. 'इंटर्नशिप समाधानकारक पूर्ण' एवढ्या एका ओळीच्या दाखल्यावर कोणी काही देणार नाही. त्या रुग्णालयातल्या तुमच्या वरिष्ठांशी संबंध असतील तोवर सविस्तर पत्र मागून घ्या. तेच विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाचं. प्रत्येक विषयाचा सविस्तर अभ्यासक्रम, तासांसकट, शिक्क्यानिशी. घरच्या कोणाला तरी प्रत्यक्ष पाठवा, ईमेलला उत्तराची वाट पाहत बसू नका.

व्हिसावर असाल तर (मी वकील नाही, विद्यापीठाच्या अधिकृत सल्लागाराकडून खात्री करा) आय-२० वरचा (विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो कागद) सीआयपी कोड, म्हणजे अभ्यासक्रमाचा वर्गीकरण क्रमांक, फी भरण्याआधी पाहा. न्यूट्रिशन सायन्सेसचा ३०.१९०१ हा स्टेमच्या (विज्ञान, तंत्रज्ञान वगैरे विषयांच्या) यादीत आहे, डायटेटिक्सचा ५१.३१०१ नाही. पदवीनंतर किती काळ काम करता येईल हे त्यावर अवलंबून असतं.

परीक्षेची काळजी आत्ता करू नका, पण एक गोष्ट आधीच कळलेली बरी. २०२२ पासूनच्या आराखड्यात व्यवस्थापन २१ टक्के आणि फूडसर्व्हिस १३ टक्के आहे. भारतातून आलेल्या आपल्यापैकी अनेकींचा क्लिनिकल भाग पक्का असतो आणि इथे पाय घसरतो. १०० जणांना प्रत्येकी शिजायला तयार १०० ग्रॅम भाजी द्यायचीय, निवडून-सोलून ८० टक्के उरते, तर खरेदी किती? दहा किलोला ०.८ ने भागायचं, साडेबारा किलो. घाईत लोक दहावर २० टक्के चढवून बारा लिहितात. संगणकावर मागच्या प्रश्नाकडे परत जाता येत नाही, त्यामुळे हे हाताला बसलेलं हवं. प्रश्न १२५ ते १४५ येतात, उत्तीर्ण व्हायला १ ते ५० च्या मोजपट्टीवर २५ लागतात.

इंटर्नशिप पहिल्या फेरीत नाही मिळाली तर डीपीडीच्या स्टेटमेंटवर एनडीटीआरची (डायटेटिक टेक्निशियनच्या नोंदणीची) परीक्षा देता येते. डायटेटिक टेक्निशियन म्हणून रुग्णालयात शिरता येतं आणि पुढचे प्रिसेप्टर तिथेच भेटतात. काही जण याला पायरी उतरणं समजतात, मला ते अजिबात पटत नाही. परवान्याचे नियम मात्र राज्यागणिक वेगळे आहेत, तुमचं राज्य कळवलंत तर नेमकं कुठे बघायचं ते सांगेन.

तुमच्या प्रवेशपत्रावर कार्यक्रमाचं पूर्ण नाव काय आहे ते आज इथे लिहा. एसेंडच्या यादीत ते आहे का, हे मुदतीच्या आत आपण मिळून बघू.