पॉडमधलं डॉक्युमेंटेशन टर्मिनलवर छान दिसतं, फाइलमध्ये वळवलं की बिघडतं. स्वतःचा कन्व्हर्टर लिहू का?

तुमचा प्रश्न मला असा समजला: पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या मॉड्यूलसोबत पॉडमध्ये (पर्लचं डॉक्युमेंटेशन लिहिण्याच्या मार्कअपमध्ये) लिहिलेली माहितीपुस्तिका आहे, तिचा काही भाग मराठीत आहे. पॉडचा साधा मजकूर करणाऱ्या ‘पॉडटूटेक्स्ट’ या आदेशाला रंगाचा पर्याय देऊन टर्मिनलवर ती उत्तम दिसते. पण तेच आउटपुट फाइलमध्ये वळवलं की शब्दांच्या आजूबाजूला चौकटी कंस, आकडे आणि ‘एम’ असं काहीबाही येतं. लेसमध्ये (लांब मजकूर पानापानाने दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, म्हणजे पेजरमध्ये) उघडलं तर कधी तसंच दिसतं, कधी ठीक. शिवाय मराठी परिच्छेदांच्या ओळी इंग्रजी ओळींपेक्षा बऱ्याच आखूड पडतात. या सगळ्याला कंटाळून स्वतःचा कन्व्हर्टर लिहावा का, असं तुम्ही विचारलंय.

अख्खा कन्व्हर्टर लिहू नका. पॉड वाचण्याचं अवघड काम पॉड::सिंपल आणि पॉड::टेक्स्ट ही पर्लची मॉड्यूल्स वर्षानुवर्षं चोख करत आलीत. तुम्हाला फक्त शेवटचा टप्पा हातात घ्यायचाय: मजकूर कुठे जाणार आहे ते पाहून त्याचं रूप ठरवणं, आणि ओळ कुठे मोडायची ते ठरवणं. तुमच्या तिन्ही तक्रारी याच टप्प्यातल्या आहेत.

आधी ती विचित्र अक्षरं कुठून येतात ते बघू, कारण इतिहास कळला की उपाय आपोआप सुचतो. युनिक्सचं पहिलं मॅन्युअल नोव्हेंबर १९७१ चं. पुढे बेल लॅब्जमध्ये जो ओसाना यांनी मजकुराची मांडणी करणारा एनरॉफ हा प्रोग्रॅम लिहिला. त्याचं आउटपुट टेलिटाइपवर, म्हणजे कागदावर छापणाऱ्या यंत्रावर जायचं. त्या यंत्रावर ठळक अक्षर काढायची एकच रीत होती: अक्षर छापा, बॅकस्पेसने एक घर मागे या, तेच अक्षर पुन्हा त्याच जागी छापा. शाई दुप्पट, अक्षर ठळक. अधोरेखित करायचं तर आधी अंडरस्कोर, मग बॅकस्पेस, मग अक्षर. याला ओव्हरस्ट्राइक म्हणतात. कागद गेला, पडदा आला, तरी ही रीत टिकली, कारण मोर आणि लेस हे पेजर तिचा अर्थ ओळखतात आणि पडद्यावर खरोखर ठळक किंवा अधोरेखित दाखवतात. तीच फाइल एखाद्या साध्या एडिटरमध्ये उघडली की मात्र प्रत्येक अक्षरानंतर ‘कंट्रोल-एच’ दिसतो.

दुसरी रीत पडद्याच्या टर्मिनलांसोबत आली. १९७८ मध्ये डेक कंपनीचं व्हीटी१०० हे टर्मिनल बाजारात आलं आणि एस्केप अक्षरापासून सुरू होणारे आदेश सर्वांच्या परिचयाचे झाले: एस्केप, चौकटी कंस, १, एम म्हणजे ठळक सुरू, ४ म्हणजे अधोरेखन, ० म्हणजे सगळं पूर्ववत. तुमच्या फाइलमध्ये दिसतात ते हेच आदेश. टर्मिनल ते पाळतं, छापत नाही. फाइल मात्र जे मिळेल ते जसंच्या तसं साठवते.

या दोन रीतींची ओढाताण अजून संपलेली नाही. जेम्स क्लार्क यांच्या ग्रॉफने (एनरॉफच्या मुक्त अवताराने) १.१८ या आवृत्तीपासून ओव्हरस्ट्राइक सोडून एस्केप आदेश द्यायला सुरुवात केली. पण सगळ्यांचे पेजर त्यासाठी तयार नव्हते, म्हणून डेबियन या लिनक्स वितरणाने आपल्या मांडणीत तो बदल मुद्दाम बंद ठेवला होता. म्हणजे एकाच मॅन पानाचं (‘मॅन’ आदेशाने दिसणाऱ्या मॅन्युअलच्या पानाचं) आउटपुट एका मशीनवर एका रूपात, दुसऱ्यावर दुसऱ्या रूपात. लेसला ‘डॅश-आर’ (मोठा आर) दिला नसेल तर एस्केप आदेश तो पाळत नाही, ‘ईएससी’ अशी अक्षरं छापून दाखवतो. तुमच्याकडे कधी ठीक आणि कधी बिघडलेलं दिसतं, त्याचं कारण बहुधा हेच: एका ठिकाणी ‘लेस’ नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये तो आर आहे, दुसरीकडे नाही.

आता पहिला उपाय. रूप ठरवण्यापूर्वी आउटपुट कुठे जातंय ते विचारा. पर्लमध्ये फाइलहँडल टर्मिनलला जोडलंय का हे ‘डॅश-टी’ या तपासणीने एका ओळीत कळतं. टर्मिनल असेल तर पॉड::टेक्स्ट::कलर किंवा पॉड::टेक्स्ट::टर्मकॅप हे पॉड::टेक्स्टवर बेतलेले, सजावट देणारे उपवर्ग वापरा; फाइल किंवा पाइप (दुसऱ्या प्रोग्रॅमकडे जाणारी वाट) असेल तर साधा पॉड::टेक्स्ट. ‘नो_कलर’ हे व्हेरिएबल वापरणाऱ्याने ठेवलं असेल तर टर्मिनल असूनही रंग देऊ नका. ‘मॅन’ हा आदेश पुरवणारं मॅन-डीबी नेमकं असंच वागतं: ‘मॅन एलएस’ फाइलमध्ये वळवलं तर ते सगळी सजावट काढून निव्वळ मजकूर देतं, आणि कुणाला सजावट हवीच असेल तर त्यासाठी वेगळं व्हेरिएबल आहे. हे वागणं मला फार योग्य वाटतं. माहिती शोधणारा माणूस ग्रेपने शब्द शोधतो, ईमेलमध्ये चिकटवतो, स्क्रीन रीडरकडून वाचून घेतो. त्याच्या शब्दांमध्ये आपण अदृश्य अक्षरं पेरायची नाहीत.

एक बारीक गोष्ट इथे सुटते. तुमची स्क्रिप्ट स्वतः लेसला पाइप करत असेल, तर ती तपासणी ‘टर्मिनल नाही’ असं सांगेल, पण पलीकडे माणूस पडद्यासमोरच बसलेला असतो. म्हणून पेजर सुरू करण्याआधी मूळ स्टँडर्ड आउटपुट तपासा, निर्णय लक्षात ठेवा आणि मग पाइप उघडा.

लेसची आणखी एक सवय माहीत हवी. ‘डॅश-आर’ असताना तो प्रत्येक ओळीच्या शेवटी रंग आणि ठळकपणा पूर्ववत करतो. ठळक वाक्य दोन ओळींत मोडलं की दुसरी ओळ साधी दिसते. पॉड::टेक्स्ट::कलर आणि टर्मकॅप यांनी यावर उत्तर शोधलंय: ओळ मोडताना तिच्या शेवटी आदेश बंद करायचा आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीला पुन्हा चालू करायचा. तुम्ही स्वतः रंग भरायला गेलात तर हे पहिल्यांदा विसरलं जाईल. तयार उपवर्ग वापरा म्हणतोय ते यासाठीच.

आता ओळ मोडणं. खरं कसब इथे आहे.

पॉड::टेक्स्ट डीफॉल्टने ७६ घरांवर ओळ मोडतो आणि मजकूर डावीकडून ४ घरं आत घेतो. मोडण्यासाठी तो अक्षरं मोजतो. रंगाचा आदेश म्हणजे चार-पाच अक्षरं, पण पडद्यावर त्यांची रुंदी शून्य. ती मोजली गेली तर सजवलेल्या ओळी आखूड पडतात. म्हणून पॉड::टेक्स्ट::कलर ओळ मोडणारी ‘रॅप’ ही मेथड नव्याने लिहितो आणि एस्केप आदेश मोजणीतून वगळतो. ओव्हरस्ट्राइक आणि टर्मकॅप हे उपवर्गही रॅप बदलतात. तुमच्यासाठी दरवाजा तिथेच उघडा आहे.

मराठीत ही अडचण आणखी खोल जाते. ‘स्त्री’ घ्या. यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये तो १८ बाइटचा. युनिकोडच्या हिशेबाने ६ घटक: स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ ईकार. टर्मिनलं जी जुनी रूढ मोजणी वापरतात, तिच्यात हलन्ताला शून्य घर आणि ईकाराला एक घर, म्हणून एकूण ४. डोळ्याला मात्र एकच जोडाक्षर दिसतं. एकाच शब्दाची ही चार वेगवेगळी मापं. एन्कोडिंग नीट सांगितलेलं असेल तर पॉड::टेक्स्ट ६ मोजतो. उकार, मात्रा, अनुस्वार, हलन्त यांना पडद्यावर स्वतंत्र घर नसतं, तरी मोजणीत ते धरले जातात, म्हणून तुमच्या मराठी ओळी आखूड पडतात. एन्कोडिंग सांगितलं नसेल तर गोंधळ याहून मोठा. तेव्हा फाइलच्या सुरुवातीला ‘=एन्कोडिंग यूटीएफ८’ ही ओळ आहे ना ते आधी बघा. ती नसेल तर पॉड::सिंपल अंदाज बांधतो आणि पुस्तिकेच्या शेवटी ‘पॉड एरर्स’ नावाचा एक विभाग जोडतो. हा विभाग अनेकजण वाचतच नाहीत, कारण शेवटपर्यंत कुणी जात नाही.

यावर उपाय असा: पॉड::टेक्स्टचा छोटा उपवर्ग करा, त्यात फक्त रॅप नव्याने लिहा. परिच्छेद शब्दांत तोडा, प्रत्येक शब्दाची घरं सीपॅनवरच्या (पर्ल मॉड्यूलांच्या ऑनलाइन भांडारातल्या) युनिकोड::जीसीस्ट्रिंग या मॉड्यूलकडून मोजून घ्या, बेरीज ठरलेल्या रुंदीपलीकडे गेली की नवी ओळ सुरू करा. वीस-पंचवीस ओळींचं काम आहे. शब्दाच्या आत कधीही मोडू नका; मराठीत हायफन टाकून शब्द तोडण्याची टर्मिनलवर काहीच गरज नसते, आणि जोडाक्षराच्या मधे तुटलं तर ते वाचवत नाही. मोजणी प्रत्येक टर्मिनलशी तंतोतंत जुळेलच असं नाही, कारण काना-वेलांटीला घर द्यायचं की नाही यावर टर्मिनलांमध्येच एकमत नाही. युनिकोडनेसुद्धा भारतीय जोडाक्षरं एकसंध धरण्याचा नियम २०२३ मध्ये, १५.१ या आवृत्तीत घातला. त्यामुळे रुंदी ७६ ऐवजी ७० ठेवा. उजवीकडे थोडी मोकळी जागा राहिली तर वाचणाऱ्याचं काही बिघडत नाही. टर्मिनलने स्वतः ओळ मोडली की समासच कोसळतो.

याच कारणाने मराठी मजकुरासाठी ओव्हरस्ट्राइकचा पर्याय (पॉडटूटेक्स्टचा ‘डॅश-ओ’) अजिबात वापरू नका. तो प्रत्येक घटकामागे बॅकस्पेस घालतो. ‘स्त्री’तले सहा घटक एकमेकांपासून सुटे होतात आणि जोडाक्षर जुळवायला फॉन्टकडे सलग काही उरत नाही. टेलिटाइपच्या एका अक्षराला एक घर असायचं. आपली लिपी तशी चालत नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते आता सांगतो. साध्या पॉड::टेक्स्टमध्ये ‘बी<…>’ मधला ठळक मजकूर अगदी साधा होऊन येतो, कसलीही खूण न उरता. ‘आय<…>’ भोवती तारे येतात, ‘सी<…>’ भोवती बहुतेक वेळा अवतरणचिन्हं. म्हणजे तुमच्या पुस्तिकेत कुठे ‘ठळक केलेले पर्याय सक्तीचे आहेत’ असं वाक्य असेल, तर फाइलमध्ये वळवल्यावर ते वाक्य खोटं ठरतं. वाचणारा चुकीचा पर्याय देईल आणि दोष स्वतःला देत बसेल. म्हणून अर्थ कधीही नुसत्या दिसण्यावर टांगू नका. ‘सक्तीचा’ हा शब्द लिहा, मग हवं तर ठळकही करा.

बीएसडी या युनिक्स-परिवारातल्या, मॅन पानं लिहिण्याच्या एमडॉक या मॅक्रो-संचात हा विचार मुळापासून केलेला आहे. तिथे ‘हे ठळक कर’ असं लिहीत नाहीत. ‘हा फ्लॅग आहे’, ‘हा आर्ग्युमेंट आहे’, ‘हे प्रोग्रॅमचं नाव आहे’ असं लिहितात. दिसणं फॉरमॅटर ठरवतो. त्यामुळे ओपनबीएसडीच्या मॅनडॉक या फॉरमॅटरमध्ये अमुक फ्लॅग कुठल्या पानावर आहे असा नेमका शोधही घेता येतो. पॉडमध्ये इतकी सोय नाही, पण जेवढी आहे तेवढी वापरा: फाइलच्या नावाला ‘एफ<…>’, कोडला ‘सी<…>’. सगळीकडे ‘बी<…>’ मारून मोकळं होऊ नका.

कोडचे नमुने आणि तक्ते यांबद्दल थोडंच. रिकाम्या जागेने सुरू होणारा परिच्छेद पॉडमध्ये जसाच्या तसा छापला जातो, मोडला जात नाही. वर ४ घरांचा समास लागतो हे धरून नमुन्याची ओळ ७० घरांच्या आत ठेवा. पॉडमध्ये तक्ता नाही; ‘=बिगिन टेक्स्ट’ आणि ‘=एंड टेक्स्ट’ यांच्यामध्ये हाताने जुळवलेला तक्ता टाका आणि वेबसाठी तोच ‘=बिगिन एचटीएमएल’मध्ये वेगळा द्या. दोनदा लिहावं लागतं, पण दोन्हीकडे नीट वाचता येतं. अशा तक्त्याच्या रकान्यांत मराठी टाळा, किंवा मराठी रकाना सर्वांत शेवटी घ्या. मधे घेतलात तर पुढचे रकाने प्रत्येक टर्मिनलवर वेगळे सरकतील.

झाल्यावर तपासणी अशी करा. आधी पॉडमधल्या चुका दाखवणारा पॉडचेकर चालवा. मग रुंदी ४० देऊन एकदा वाचा, वाईट जागी मोडणाऱ्या ओळी लगेच दिसतात. नंतर आउटपुट फाइलमध्ये वळवून त्यात एस्केप किंवा बॅकस्पेस अक्षर शोधा. एकही सापडता कामा नये. शेवटी लेसमध्ये, आर देऊन आणि न देता, दोन्ही प्रकारे उघडा.

स्वतःचा कन्व्हर्टर लिहिण्याची वेळ तेव्हा येते, जेव्हा मार्कअपच तुमचं असतं, किंवा पॉड::सिंपलला माहीत नसलेलं आउटपुट हवं असतं. तेव्हाही पॉड::सिंपलचाच उपवर्ग करा. एकात एक घातलेले कोड, ‘ई<…>’ मधली चिन्हं, ‘एल<…>’ मधले दुवे हे रेग्युलर एक्स्प्रेशनने सोडवायला गेलात तर पहिल्या दिवशी सगळं चालेल आणि नंतर प्रत्येक नव्या पानावर काहीतरी निसटेल. तुम्ही वर्णन केलेल्या अडचणींसाठी रॅपची एक मेथड आणि टर्मिनलची एक तपासणी पुरेशी आहे.